नदीचे मूळ विचारलेच पाहिजे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे काय ते त्यांचे वंशज पाहून घेतील. परंतु नदीच्या बाबतीत ही म्हण आमच्या किनाऱ्यावरील समाजाने जरा अधिकच निष्ठेने पाळली आहे, अशी आमची तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कितीतरी धर्मग्रामांचे रौप्य, सुवर्ण आणि शतकमहोत्सव साजरे झाले व त्या निमित्ताने स्मरणिका निघाल्या. आम्ही त्या आस्थेने वाचतो आणि जपून ठेवतो. त्यांतील 'आमच्या गावाचा इतिहास' या मथळ्याखालचे लेख मात्र बहुतेक एकाच साच्यातून काढलेले असतात. आरंभी प्राचीन सोपाऱ्यावर एक परिच्छेद, मग १५३४ चा तह, वसईचा किल्ला, चर्चची पायाभरणी, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई, त्यानंतर एकदम इंग्रजी अंमल, शाळा, आणि अखेरीस आजवरच्या धर्मगुरूंची यादी. भूगोलाच्या वाट्याला एखादे वाक्य येते: पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी. त्या खाडीत पाणी कोठून येते हे लिहिणाऱ्याला सांगावेसे वाटत नाही आणि वाचणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही.

आम्ही राहतो दहिवलीला, म्हणजे कर्जतच्या बाजारपेठेतून पूल ओलांडला की लागते त्या गावी. या तालुक्याच्या महसुली दप्तरात दहिवली नावाची एकाहून अधिक गावे आहेत. म्हणून दहिवली तर्फे नीड, दहिवली तर्फे वरेडी अशी जुन्या तर्फांची शेपटे त्यांना अजून चिकटून आहेत. कुणी रेल्वेच्या नोकरीमुळे, कुणी शिक्षकी पेशामुळे, तर कुणी किनाऱ्यावरच्या जागांच्या भावांना कंटाळून येथे आले, आणि अशी आमची मूठभर कॅथलिक कुटुंबे येथे रुजली. सणासुदीला आम्ही किनाऱ्यावरच्या आमच्या मूळ घरी जातो. अशाच एका धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही जणांनी मिळून उल्हास नदीवर एक लेख पाठविला होता. तो साभार परत आला. सोबतच्या चिठ्ठीत संपादक मंडळाने मोठ्या सौजन्याने कळविले होते की, लेख माहितीपूर्ण आहे, परंतु अंक किनारपट्टीच्या इतिहासाला वाहिलेला असल्यामुळे घाटाच्या पायथ्याच्या गावांचा विषय त्यात बसत नाही. लेख परत येण्याचे दुःख आम्ही करीत नाही. ते लिहिणाऱ्यांच्या नशिबी असतेच. त्या चिठ्ठीतला भूगोल मात्र आम्हांला मान्य नाही. आणि तो भूगोल काही त्या एका मंडळाचा नव्हे, आपणा सर्वांचाच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात किनारा म्हणजे काय? सरकारने याचे एक उत्तर दिलेले आहे. १९९१ सालच्या अधिसूचनेने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा म्हणून नियमनाखाली आणला. खाड्यांच्या काठी हा पट्टा आणखी अरुंद होतो. २०११ च्या अधिसूचनेत तो १०० मीटर होता, २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटरवर आला. खाडीत आत कोठवर किनारा मोजायचा याचेही गणित ठरलेले आहे: वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्यात हजारी पाच भाग क्षार जेथवर सापडतात तेथवर. म्हणजे सरकारच्या लेखी जेथे मीठ संपते तेथे किनारा संपतो. सरकारला कोठे तरी रेघ मारावी लागते, हे आम्ही समजू शकतो. समाजाच्या स्मृतीनेही तीच रेघ का मारावी? भरतीचे पाणी जेवढे आत येते तेवढाच किनारा, आणि ज्या गोड्या पाण्याशी त्याची गाठ पडते ते परके, हा हिशेब कोणत्याही कोळ्याला पटणार नाही. आपल्या स्मरणिकांना तो बिनबोभाट पटलेला आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कोंढाण्याच्या लेण्यांखालून ती कर्जतला येते, कर्जत आणि दहिवली यांच्या मधून वाट काढते, नेरळ-वांगणीची भातशेती डावी-उजवीकडे ठेवीत बदलापूरला जाते आणि कल्याणपाशी तिला समुद्राची भरती भेटते. पुढे तिला नदी म्हणायचे की खाडी, हे ज्याने त्याने ठरवावे. साष्टीच्या उत्तर अंगाने, घोडबंदरावरून, पाणजू बेटाला वळसा घालून ती भाईंदर आणि नायगाव यांच्यामधून समुद्रात जाते. हा सारा प्रवास सुमारे १२२ किलोमीटरांचा. पेज, पोशिर, शिलार, बारवी, भातसा, काळू ही सारी तिचीच माणसे. शेजारच्या खालापूर तालुक्यातील पाताळगंगा खोपोलीहून निघून धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे कर्जत-खालापूरचा हा डोंगरी टापू दोन खाड्यांना पाणी पुरवितो: एकीच्या मुखाशी वसई-उत्तनचे कोळीवाडे आहेत, दुसरीच्या काठी पेण-अलिबागची खारजमीन आहे. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस या डोंगरांवर कोसळतो, आणि त्यातला मोठा वाटा चार महिन्यांत याच दोन वाटांनी समुद्राला जातो. त्या पाण्याबरोबर गाळ जातो. रेतीबंदरांवर जी रेती उपसून आपल्या इमारती उभ्या राहिल्या, ती समुद्राने घडविलेली नव्हे. ती याच नद्यांनी डोंगर उगाळून खाली नेली. खारफुटी ज्या चिखलात पाय रोवून उभी असते तो चिखलही बव्हंशी वरचाच. कोलंबीची पिले वाढतात ती गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिश्रणात. रायगडकर ज्याच्यासाठी जीव टाकतो तो जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्यात उतरतो आणि त्याची पिले वाढायला खाडीच्या आतल्या, कमी खाऱ्या पाण्याकडे येतात. माशाला जी गोष्ट जन्मतः ठाऊक आहे ती आपल्या इतिहासलेखकांना पटवावी लागते.

आता इतिहासाकडे वळू, कारण चिठ्ठीत इतिहासाचे नाव होते. सोपाऱ्याचा उल्लेख प्रत्येक स्मरणिकेत असतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला, हे सारे अभिमानाने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण सोपारा बंदर कशासाठी होते? बंदर म्हणजे नुसता समुद्र नव्हे. बंदराला पाठ लागते. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा आणि कल्याण ही नावे जवळजवळ येतात. कल्याणहून व्यापारी तांडे उल्हासच्या खोऱ्याने वर येत आणि बोरघाट, कुसूर घाट चढून देशावर जात. त्या वाटेवर, आमच्या दहिवलीपासून काही कोसांवर, कोंढाण्याचे चैत्यगृह आहे. ते इसवी सनापूर्वीच्या काळातले. कण्हाचा शिष्य बलक याने ते घडविल्याचा लेख तेथे अद्याप वाचता येतो. घाट चढून गेले की कार्ल्याचे लेणे, आणि तेथल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या एका भिक्षूने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. सोपाऱ्याचा माणूस कार्ल्यापर्यंत जाऊन आपले नाव दगडात ठेवतो. तो गेला कोणत्या वाटेने, हा प्रश्न दोन हजार वर्षांनी त्याच्याच गावची स्मरणिका काढताना सुचू नये?

शिवाजी महाराजांना तो सुचला होता. १६५७ साली त्यांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच मोहिमेत राजमाचीही घेतली. कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायची तर वरचा घाट हाती हवा, एवढी साधी गोष्ट होती. पोर्तुगिजांचे मात्र उलटे झाले. वसई, साष्टी, ठाणे, चौल, करंजा अशी समुद्राला चिकटलेली एक पट्टी त्यांच्या हाती राहिली; घाटाच्या पायथ्यापर्यंत त्यांची सत्ता कधी आली नाही. चर्चच्या दप्तरांत, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्यांत, पाद्र्यांच्या पत्रांत जे गाव आले ते या पट्टीतले. आमचा समाज आपला इतिहास या दप्तरांतून शोधीत आला, त्यात गैर काही नाही. कागद जेथे असतो तेथेच माणूस शोधतो. परिणाम असा झाला की पोर्तुगीज अंमलाची सरहद्द आणि आपल्या स्मृतीची सरहद्द एकच होऊन बसली. फिरंगी गेले, त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. त्यांनी आखलेली सीमा आपण अजून राखीत आहोत. इंग्रजांना तरी ती मान्य नव्हती. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वसई आणि कर्जत हे एकाच जिल्ह्याचे तालुके आहेत. १८९१ साली कर्जत कुलाब्याकडे गेले आणि १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. कागदावर जिल्हा बदलला म्हणून नदी काही अलिबागकडे वळली नाही.

दप्तरात नसलेला व्यवहार तर याहून मोठा होता. सुताचे आणि तागाचे जाळे समुद्रात टिकावे म्हणून कोळी ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत; त्यासाठी ऐनाची साल लागे, आणि ऐन काही वाळूत उगवत नाही. आगाशी आणि वसईला गलबते बांधली जात, त्यांचे सागवान आतल्या रानांतून खाडीच्या वाटेने येई. लाकूड, कोळसा, गवत, भात खाली उतरे. मीठ आणि सुकी मासळी वर चढे. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोणी घालून घाट चढत. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाट चढून गेली, तेव्हा ते तांडे हळूहळू थांबले. मीठ आणि मासळी चढायची थांबली नाही. आजही कर्जतच्या बाजारात सुकट, जवळा आणि बोंबील घेतल्यावाचून ठाकरवाडीवरची बाई पावसाळ्याची बेगमी पुरी झाली असे मानत नाही. आगरी समाजाचे नावच मुळी आगरावरून पडले, असे सांगतात. तो आगरी वसई-भिवंडीच्या खाडीकाठी आहे, अलिबागला आहे आणि इथे कर्जतला समुद्र न पाहिलेल्या शेतावरही आहे. खारजमिनीत तग धरणारे भाताचे वाण पनवेलच्या केंद्रात तयार झाले, गोड्या जमिनीचे कर्जतच्या. 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' ही नावे वसईच्या जुन्या शेतकऱ्याला सांगावी लागू नयेत. त्या बियाण्याच्या पिशवीवरचे गाव मात्र त्याच्या इतिहासात कधी उगवले नाही.

येथे एका अप्रिय शब्दाचा उल्लेख करणे भाग आहे. तो शब्द आहे 'घाटी'. आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत, आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत तर विशेष, हा शब्द किती सहज उच्चारला जातो हे वाचकांना ठाऊक आहे. बाहेरून आलेला, गबाळा, आपल्यातला नसलेला, असा त्याचा अर्थ. हा शब्द मुलांच्या कानावर जेवणाच्या टेबलावर पडतो आणि त्याच मुलांना रविवारी शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा पाठ दिला जातो. विनोदाने म्हणतो आम्ही, असे सांगितले जाते. असेलही. परंतु घाटाला हीन मानणारा विनोद आणि घाटाला वगळणारा इतिहास, यांचे नाते आम्हांला उघड दिसते. ज्याचे नाव आपण शिवी म्हणून घेतो त्याचे ऋण पुस्तकात लिहिणे अवघड जाते. खरे पाहता किनाऱ्यावर 'घाटी' नसलेले आहे तरी काय? पाणी घाटी, रेती घाटी, जुन्या घरांची तुळई घाटी.

वीजसुद्धा घाटीच होती. १९१५ साली खोपोलीला, १९२२ साली भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. त्या गिरण्यांत किनाऱ्यावरची किती घरे पोसली गेली! भिवपुरीचा प्रकार तर मुळापासून समजून घेण्यासारखा आहे. मावळातल्या आंध्रा नदीचे पाणी स्वभावतः इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करीत पूर्व समुद्राला जायचे. ठोकरवाडीच्या धरणाने ते अडविले आणि घाटाच्या कड्यावरून नळांतून खाली सोडले. वीज करून झाली की ते पेज नदीत येते आणि तेथून उल्हासला मिळते. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते, कर्जतच्या काही गावांना दुबार भात घेता येते, आणि उन्हाळ्यात खालच्या शहरांना उल्हासवर विसंबता येते. शहाड-टेमघर योजनेचे पाणी या नदीतूनच उचलले जाते, आणि ते ठाणे, भिवंडी व मिरा-भाईंदरला पुरविले जाते. भाईंदरच्या पश्चिमेकडील आपल्या बांधवांनी नळ उघडताना याचा एकदा विचार करावा. आपल्या अंगणात जे पाणी पडते त्यातला काही अंश कृष्णेचा आहे, मावळातल्या बुडालेल्या शेतांवरचा आहे. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार या डोंगरांत विजेचे मनोरे पाडीत हिंडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते व हिराजी पाटील गोळीला बळी पडले. मनोराच का पाडायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. डोंगर आणि मुंबई यांना बांधणारी तार कोणती, हे त्यांना इथून दिसत होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही ऐकलेलाही आहे. प्रत्येकाने आपापल्या गावाचे लिहावे. कर्जतकरांनी कर्जतचे, वसईकरांनी वसईचे. आम्हांला आमची दुखणी थोडी आहेत काय? हरितपट्टा गेला, वाड्या गेल्या, विहिरी खाऱ्या झाल्या. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा विहिरीतून टँकर भरभरून नेलेले पाणी हा साऱ्या समाजाचा प्रश्न आहे हे त्यांनी आपल्याला शिकविले. आम्ही त्याच शाळेतले विद्यार्थी आहोत. आमचे म्हणणे इतकेच की, वाडीतल्या विहिरीचे पाणी शहराने उपसले तर तो अन्याय, आणि कर्जतच्या नदीचे पाणी शहराने उचलले तर ती योजना, असे दोन तराजू एकाच घरात असू नयेत. वाढवण बंदराला २०२४ साली मंजुरी मिळाली, तेव्हा किनाऱ्यावरचे मच्छीमार रस्त्यावर उतरले होते आणि ते उतरले हे योग्यच झाले. परंतु त्यांची मासळी ज्या गोड्या पाण्यावर अवलंबून आहे त्याचे वर काय चालले आहे, याची खबर किती जणांना आहे?

ती खबर आम्ही देतो. उल्हासच्या उगमाजवळ कोंढाण्याचे धरण योजिलेले आहे. त्याची उंची आणि खर्च ज्या रीतीने वाढविण्यात आला, तो प्रकार २०१२ सालच्या सिंचन गैरव्यवहाराच्या वादात गाजला. पुढे हा प्रकल्प सिडकोकडे सोपविण्यात आला, पनवेलकडच्या नव्या वस्त्यांच्या पाण्यासाठी. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने पोशिर आणि शिलार या आमच्याच तालुक्यातल्या दोन प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांचेही पाणी प्रामुख्याने खालच्या शहरांसाठी आहे. शहरांना पाणी नको असे आम्ही म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी नाकारणारे आम्ही कोण? पण तीन ठिकाणी नदी अडविली की पावसाळ्यात खाडीला मिळणारे गोडे पाणी घटणार, गाळ धरणात बसणार, हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. उरलेल्या प्रवाहात अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरची गटारे आणि कारखान्यांचे पाणी आधीच मिसळते आहे; दर उन्हाळ्यात कल्याणजवळ नदीवर जलपर्णीची सतरंजी पसरते ती काही शोभेसाठी नव्हे. पाणी कमी आणि घाण तेवढीच, असे झाले म्हणजे पाचूबंदरच्या आणि नायगावच्या जाळ्यात काय येईल, याचा विचार आतापासून केलेला बरा.

आणि ज्यांची जमीन बुडणार ती माणसे? ठाकर आणि कातकरी यांची नावे आपल्या स्मरणिकांत येत नाहीत. कातकऱ्याचे नाव ज्या कातावरून पडले तो धंदा कधीच बुडाला. पावसाळा संपला की तो वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो; किनाऱ्यावरच्या आपल्या नव्या घरांच्या विटांत त्याच्या बायकामुलांचे हात आहेत. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरताना हीच माणसे ओढ्यांत उभी असतात, आणि नदीची खोडी-नाडी त्यांना जेवढी कळते तेवढी आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबईला पाणी देते. त्याच धरणाच्या परिसरातल्या इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खचला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोध थांबविण्यात आला. तेथवर गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना पावसात डोंगर चढून जावे लागले. खाली शहराच्या नळाला पाणी होते, वर वस्तीला वाट नव्हती. इतकी माणसे एका रात्रीत गेली. किनाऱ्यावरच्या आपल्या कितीजणांना तो आपल्या नदीखोऱ्यांच्या शेजारातला मृत्यू वाटला? बातमी दूरची म्हणून वाचली गेली, असा आमचा अनुभव आहे. इतिहासात ज्यांना जागा नसते, त्यांच्यासाठी शोकातही फारशी जागा उरत नाही.

पुराच्या वेळी मात्र नदी सर्वांना आठवते. २६ जुलै २००५ आठवते. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी नावांनी बाहेर काढावे लागले, तेही आठवते. ती कोणती नदी होती, असे किनाऱ्यावरच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांला तेव्हा विचारले होते. हा गृहस्थ खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतो! त्यांना दोष देऊन काय उपयोग? शाळेत आपण नाईल आणि अ‍ॅमेझॉन पाठ करतो. उत्तरवहीत उल्हास येत नाही, आणि शाळेने सोडलेली जागा स्मरणिकेने भरली नाही.

आमच्यावरही बोट रोखता येईल. कर्जतच्या जमिनी आज गुंठ्यागुंठ्याने विकल्या जातात, नदीकाठी फार्महाऊस आणि रिसॉर्ट उठतात, ठाकर आपल्याच शेताच्या कुंपणावर राखणदार होतो. आणि गिऱ्हाइकांत किनाऱ्यावरून येणारेही असतात, आपल्यातलेही असतात. हरितपट्टा वाचवा म्हणून घोषणा दिलेल्या हातांनी येथे सातबारा उलटविला जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. २००३ साली माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, म्हणून डोंगराची थोडी बाजू राहिली. नदीकाठाला असे कवच नाही. ज्यांना येथे शांतता हवी आहे त्यांनी जरूर यावे. येताना ही नदी पुढे आपल्याच दाराशी जाते एवढे ध्यानात ठेवून आपल्या सांडपाण्याची वाट ठरवावी.

तेव्हा आमची मागणी फार मोठी नाही. यापुढे जी स्मरणिका निघेल तिच्यात नकाशा किल्ल्यापाशी थांबू नये. राजमाचीपासून पाचूबंदरापर्यंत एक पानभर नकाशा छापावा. ज्यांच्या घरी जुनी माणसे आहेत त्यांनी त्यांना विचारून लिहून घ्यावे: सागवान कोठून आले, साल कोण आणून देई, भात कोणत्या बाजाराचा, मीठ कोणाच्या बैलावर गेले. ही माहिती चर्चच्या दप्तरात मिळणार नाही आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. तरुण मंडळांनी सहलीसाठी येथे धबधबे पाहायला यावेच, पण एखाद्या ठाकरवाडीत बसून दोन तास ऐकावेही.

राहिली धरणांची गोष्ट. पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणी घेण्याची तरतूद आहे, आणि सुनावणीत लेखी म्हणणे मांडण्याचा अधिकार बुडणाऱ्या गावांपुरता नसून बाधा पोहोचू शकणाऱ्या सर्वांचा आहे. खाडीला पावसाळ्यात किती पाणी सोडणार, गाळाचे काय करणार, हे प्रश्न कोळीवाड्याने विचारायचे आहेत. ठाकर ते विचारणार नाही, त्याच्यापुढे घराचा प्रश्न आहे. पोशिर, शिलार किंवा कोंढाणे, कोणत्याही प्रकल्पाच्या सुनावणीची सूचना निघाली की दहिवलीहून आम्ही ती किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांना कळवू. सकाळच्या गाडीने निघाले तर माणूस वेळेत कर्जतला पोहोचतो. जेवणाची सोय आमच्याकडे.